'आर्ग्युमेंट' करायचे की मांडायचे?

वेंगुर्ल्याच्या दिवाणी न्यायालयात ज्याचा जमिनीचा किंवा वहिवाटीचा दावा बरीच वर्षे चालला आहे, अशा एखाद्या पक्षकाराला 'दावा कुठवर आला?' असे विचारून पाहावे. साक्षी, उलटतपासण्या आटोपल्या असतील तर तो म्हणतो, 'आता आर्ग्युमेंटाक इलो हा.' या माणसाचे इंग्रजी शिक्षण किती झाले याला महत्त्व नाही. 'आर्ग्युमेंट' हा शब्द तो 'तारीख', 'वकीलपत्र', 'दरखास्त' यांच्या इतक्याच सहजतेने उच्चारतो. त्या उच्चारात थोडी आशाही असते. आर्ग्युमेंट म्हणजे निकालाच्या आधीची पायरी. आपल्या वकिलाने उठून आपली बाजू सांगायची, समोरच्या वकिलाने त्याची सांगायची, आणि न्यायाधीशांनी दोन्ही ऐकून घ्यायच्या. ऐकून न घेता निकाल दिला, तर तेवढ्याच कारणावरून अपील करता येते हेही त्याला ठाऊक असते.

याच माणसाचा मुलगा शाळेत जातो. ती शाळा वेंगुर्ल्यातलीच असेल असे नाही, महाराष्ट्रातली कोणतीही असेल. फळ्यावरच्या एखाद्या विधानाबद्दल मुलगा उभा राहून म्हणतो, 'सर, पण असं कसं?' उत्तर येते, 'आर्ग्युमेंट नको. बस खाली.' वडिलांसाठी जो शब्द ऐकले जाण्याची हमी आहे, तोच शब्द मुलासाठी ऐकून न घेण्याची सूचना झाला. न्यायालय आणि शाळा यांत अंतर असते ते पायी चालण्याइतके. तेवढ्या अंतरात एका शब्दाचा अर्थ उलटा व्हावा, या गोष्टीकडे साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हाला वाटते.

शब्दाची ओळख त्याच्या अर्थावरून होते हे अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे सत्य असे की, शब्द कोणत्या क्रियापदांच्या आणि विशेषणांच्या संगतीत राहतो यावरून तो ओळखावा लागतो. न्यायालयातल्या 'आर्ग्युमेंट'ची संगत पाहा. तेथे आर्ग्युमेंटसाठी तारीख नेमतात, आर्ग्युमेंट ऐकतात, लेखी आर्ग्युमेंट दाखल करतात, आर्ग्युमेंट पूर्ण झाले असे रोजनाम्यात नोंदवतात. घरातल्या आणि शाळेतल्या 'आर्ग्युमेंट'ची संगत अगदी निराळी. तेथे ते 'करतात', 'वाढवतात', 'उगाच' करतात, आणि सर्वांत अधिक वेळा ते 'नको' असते. शब्दाचे लिंगही अद्याप ठरलेले नाही. कोणी 'आर्ग्युमेंट झाली' म्हणतो, कोणी 'आर्ग्युमेंट झालं' म्हणतो. मात्र 'नको' म्हणताना लिंगाचा प्रश्नच येत नाही!

इंग्रजीत या शब्दाला दोन्ही प्रकारची संगत आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी नांदतात. 'हॅव ॲन आर्ग्युमेंट', 'हीटेड आर्ग्युमेंट' म्हटले की तो खटका असतो, तेथे माणूस 'विथ' या शब्दयोगाने येतो: कोणाशी तरी. 'पुट फॉरवर्ड ॲन आर्ग्युमेंट', 'आर्ग्युमेंट फॉर', 'आर्ग्युमेंट अगेन्स्ट' म्हटले की ते कारणांसह मांडलेले म्हणणे असते, आणि तेथे समोर माणूस नसून मत असते. त्या भाषेत शिकणाऱ्या मुलाच्या कानावर पहिली संगत घरात पडते आणि दुसरी शाळेत. आपण हा शब्द घेतला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या दोन संगतींपैकी दुसरी न्यायालयाच्या दाराशी थांबवली आणि पहिली घरोघर नेली. शब्द उसना घेण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती अर्धाच घेण्यास.

येथे कोणी म्हणेल, परका शब्द आणलाच कशाला? मराठीत 'वाद' आहे, 'युक्तिवाद' आहे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण 'वाद' या शब्दाचा संसार खरोखरच मोठा आहे. 'वद्' म्हणजे बोलणे. त्या एका धातूपासून संवाद, विवाद, अनुवाद, प्रवाद, अपवाद हे सारे झाले. न्यायालयातले वादी-प्रतिवादी तेथूनच आले. गायकाच्या रागातले वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी स्वरही त्याच घरचे. संगीतात विवादी स्वर हा रागाला वर्ज्य असतो, तरी जाणता गायक तो अशा बेताने लावतो की रागाचे रूप त्यामुळे अधिक उठून दिसते. प्राचीन न्यायशास्त्राने तर चर्चेच्या तीन जाती सांगितल्या. सत्य कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडत राहणे ही वितंडा. या तिघांत प्रतिष्ठा होती ती वादाला.

आज मराठीत या तिघांचे काय झाले? 'जल्प' बोलण्यातून गेला. 'वितंडा' मात्र 'वितंडवाद' होऊन वादाच्याच अंगाला चिकटली. आणि खुद्द वाद? तो आपण 'घालतो', 'उकरून काढतो', तो 'पेटतो', 'चिघळतो', 'ओढवतो'. शहाण्या माणसाने तो 'टाळायचा' असतो, आणि कोणी ज्येष्ठ मध्ये पडून तो 'मिटवायचा' असतो. आग, जखम आणि संकट यांना लागणारी क्रियापदे आपण वादाला लावली आहेत. 'मतभेद' हा त्यामानाने सौम्य शब्द, पण त्याच्याही नशिबी 'मिटवणे', 'विसरणे' आणि 'बाजूला ठेवणे' हेच आले. मतभेद असावेत पण मनभेद नसावेत, हे वाक्य समारंभांतून इतक्या वेळा ऐकू येते की मतभेद हा मनभेदाचा धाकटा भाऊच असावा असे वाटू लागते. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू केली. गावातले दिवाणी-फौजदारी तंटे सामोपचाराने सुटावेत हा तिचा हेतू चांगलाच होता. पण तंटा आणि मतभिन्नता यांत फरक करणारी क्रियापदे भाषेत शिल्लक नसतील, तर तंट्यापासून मुक्त होता होता गाव मतापासूनही मुक्त व्हायचे.

'युक्तिवाद' या शब्दाचे दुखणे वेगळे आहे. संस्कृतात 'युक्ती' म्हणजे तर्काची जोडणी. मराठीत ती क्लृप्ती झाली. 'युक्तीने काम करून घेतले' म्हणताना आपण तर्काची प्रशंसा करीत नाही, चातुर्याची करतो. त्यामुळे 'युक्तिवाद' म्हटले की वकिली चलाखीचा वास येतो, आणि विद्यार्थ्याने युक्तिवाद केला असे म्हणणे ही स्तुती की निंदा हे ठरवता येत नाही. 'कज्जा' या शब्दाची गतही अशीच झाली. त्याचे मूळ अरबी 'कजिया' तर्कशास्त्रात 'विधान' या अर्थानेही चालते; आपल्याकडे येईपर्यंत ते नुसते भांडण उरले. एकट्या इंग्रजी शब्दाला दोष देण्यात म्हणूनच अर्थ नाही. संस्कृत असो, अरबी असो वा इंग्रजी, असहमतीचा कोणताही शब्द आपल्या अंगणात आला की काही काळाने तो भांडणाचा होतो.

असे का होते? आम्हाला जे कारण दिसते ते असे की, आपल्या समाजात सहमतीचे विधी भक्कम आहेत, असहमतीचे नाहीत. दक्षिण कोकणातल्या गावऱ्हाटीत देवासमोर गाऱ्हाणे घालतात. गावाचा मानकरी एकेक मागणे उच्चारतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या घोषात जे ऐक्य आहे त्याची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. पण कोणाला एखादे मागणे मान्य नसेल तर त्याने कोणत्या ठिकाणी आणि काय म्हणावे, याचा शब्द त्या विधीत नाही. तो असण्याचे कारणही नाही, कारण ती प्रार्थना आहे. गावाचे एकमत झाले नाही तर देवाला कौल लावतात. उजवा कौल झाला तर होकार, डावा झाला तर नकार. आरवलीच्या वेतोबापासून गावोगावच्या सातेरी-रवळनाथापर्यंत ही रीत आहे. कौलाने प्रश्न सुटतो, कोणाचा अपमान होत नाही. मात्र कौल कारणे देत नाही. आणि कारणे हाच तर वादाचा प्राण.

प्रार्थनेची ही रीत वर्गात, सभेत आणि कचेरीत शिरते तेव्हा मात्र ती घातक ठरते. होकाराची सवय माणसाला कोठवर वाकवते हे ज्याने मराठी कवितेत उपहासाने दाखवले, त्या मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ल्याचाच, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांचा 'सलाम' हा संग्रह १९७८ साली आला आणि १९८० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रेमकवितेसाठी आणि भावगीतांसाठी लाडक्या असलेल्या कवीला हे लिहावेसे वाटले, ते नुकत्याच सरलेल्या आणीबाणीनंतरच्या दिवसांत.

मराठीला वाद झेपत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिणेला तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तेथे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, हा प्रश्न होता. एका बाजूचे चिन्ह फूल, दुसऱ्या बाजूचे दोन पाने. जणू देवळातलाच कौल मतपत्रिकेवर आला. पण या कौलाला कारणे होती, आणि ती आधी मोठ्या ईर्ष्येने मांडली गेली होती. विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमंतक' लिहीत होता, विरोधात 'राष्ट्रमत' लिहीत होते, आणि दोन्ही दैनिके मराठी होती. मराठी राज्यात जाऊ नये हे म्हणणे मराठीतूनच मांडले गेले, मराठी वाचकांनी ते वाचले, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने ते जिंकले. त्या निकालाबद्दल कोणाला काहीही वाटो, भाषेच्या अभ्यासकाने एवढे टिपून ठेवावे की ज्या भाषेत आपल्याविरुद्धचा पक्षही तितक्याच ताकदीने उभा राहू शकतो, तिला वादाचे वावडे नाही.

आता आमच्या वाचकांच्या नित्याच्या विषयाकडे, म्हणजे साहित्याच्या वर्गाकडे येऊ. मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्या प्रत्येकाला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकरांचा वाद ठाऊक असतो. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याला शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. शिरोडे वेंगुर्ले तालुक्यातले, मिठागरांचे गाव. ना. सी. फडके कोल्हापुरास प्राध्यापक. 'प्रतिभासाधन' हा त्यांचा लेखनतंत्रावरचा ग्रंथ १९३१चा. खांडेकरही पुढे कोल्हापुरातच स्थायिक झाले, आणि भिन्न मतांचे दोन कादंबरीकार एका गावात राहू लागले. ही सारी माहिती विद्यार्थ्यांच्या उत्तरांत येते. त्या उत्तरांतली क्रियापदे मात्र पाहावीत. वाद 'झाला', वाद 'रंगला', वाद 'गाजला'. पाऊस झाला, मैफल रंगली, नाटक गाजले, तसा वाद. तो काय होता, फडक्यांचे सर्वांत बळकट कारण कोणते, खांडेकरांनी त्याला दिलेले उत्तर पुरे पडते का, याविषयी उत्तरपत्रिकेत चार ओळीही सापडत नाहीत. सापडते ते एवढेच: फडके कलावादी, खांडेकर जीवनवादी.

या 'वादी'ची गंमत अशी की, जो शब्द बोलण्यासाठी, प्रश्न विचारण्यासाठी होता, तोच प्रत्यय होऊन बोलणे संपवतो. 'जीवनवादी' हे लेबल लावले की खांडेकर कपाटात गेले आणि दार लागले. ते उघडून पाहिले तर वेगळेच दिसते. जीवनासाठी कला म्हणणाऱ्या खांडेकरांची शैली उपमा-रूपकांनी इतकी नटलेली, की कलावादी म्हणावे ते त्यांनाच. उलट कलेचा हेतू आनंद असे बजावणाऱ्या फडक्यांनी आपल्या काही कादंबऱ्यांना राजकीय चळवळींची पार्श्वभूमी दिली. मग हा वाद खरा कशाविषयी होता? लेखकाच्या हेतूविषयी, वाचकाच्या अपेक्षेविषयी, की वाङ्मय कशावर तोलावे या कसोटीविषयी? हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि त्यांतला एकही 'वाद रंगला' या वाक्यात मावत नाही.

खांडेकर शिरोड्यास असतानाच, १९३०च्या मे महिन्यात, तेथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या चळवळीला मराठीने दिलेले नाव होते 'सविनय कायदेभंग'. इंग्रजीतल्या 'सिव्हिल' या विशेषणात 'नागरिकाचा' आणि 'सभ्य' अशा दोन्ही छटा आहेत. मराठीने 'विनय' उचलला. या निवडीत आपला एक जुना स्वभाव दिसतो. असहमती मान्य आहे, पण आधी विनय सिद्ध करा. विद्यार्थी 'लहान तोंडी मोठा घास घेतो' असे म्हणून बोलायला सुरुवात करतो तेव्हा तो हेच करीत असतो. आणि शिक्षक 'आर्ग्युमेंट नको' म्हणतात तेव्हा बहुधा त्यांचा राग मुद्द्यावर नसतोच. मुद्दा मांडताना विनय सुटला असे त्यांना वाटलेले असते. येथे इंग्रजी शब्द त्यांच्या कामी येतो. 'वाद घालू नकोस' हे वाक्य घरचे वाटते, त्याला प्रत्युत्तर देता येते. 'आर्ग्युमेंट नको' यात कचेरीचा शिक्का आहे. बरोबरीच्या माणसांत हाच शब्द उलट काम करतो. नवरा-बायकोचे 'भांडण' शेजाऱ्यांना ऐकू जाते, 'आर्ग्युमेंट' जात नाही. ते सुशिक्षितांच्या बंद दारामागे होते. म्हणजे वरून खाली येताना शब्द दटावतो, आडवा जाताना झाकतो. दोन्ही वेळा एक गोष्ट राहून जाते: कारण काय होते, हे विचारणे.

शिरोड्याच्या सत्याग्रहींनी मात्र विनय आणि असहमती यांची सांगड घालून दाखवली होती. त्यांनी विनयाच्या नावाखाली आपले म्हणणे गिळले नाही. कायदा मोडला, तो उघडपणे मोडला, आणि का मोडला हे सांगितले. विनय हा म्हणणे मांडण्याची पद्धत होता, न मांडण्याची सबब नव्हता.

मग करावे काय? 'आर्ग्युमेंट'ला हद्दपार करावे असे आम्ही म्हणणार नाही. तो आता वेंगुर्ल्याच्या पक्षकाराचा शब्द आहे आणि त्याच्यापाशी तो चांगल्या संगतीत आहे. आम्हाला सुचते ते एवढेच की, वर्गात 'मुद्दा' या शब्दाला त्याचे पद परत द्यावे. हाही मूळचा न्यायालयाच्या घराण्यातला शब्द. 'दावा', 'मुद्दई' आणि 'मुद्दा' ही एकाच अरबी धातूची लेकरे. ज्याचा दावा केला तो मुद्दा. शतकानुशतके मराठीत राहूनही हा शब्द भांडणाचा झाला नाही, हे नवलच. तो मांडतात, खोडतात, पटतो, सुटतो, भरकटतो. 'मुद्द्याचे बोला' ही त्याची मागणी. आणि 'मुद्द्यावरून गुद्द्यावर' या वाक्प्रचारात तर वाद कोठे संपतो आणि मारामारी कोठे सुरू होते याची सीमारेषाच आखलेली आहे. इंग्रजीतल्या 'आर्ग्युमेंट'ची जी संगत आपण न्यायालयाच्या दाराशी सोडली, ती सारी या साध्या शब्दापाशी आधीच आहे.

आणि दुसरे, परीक्षेतला प्रश्न बदलावा. 'फडके-खांडेकर वादाची माहिती द्या' असे न विचारता 'कलेसाठी कला या भूमिकेच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा मांडा आणि नंतर तो खोडून दाखवा' असे विचारावे. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांची रीत हीच होती. आधी पूर्वपक्ष, तोही प्रतिपक्षाला स्वतःला मान्य व्हावा इतक्या प्रामाणिकपणे, आणि मग सिद्धांत. ज्याला पूर्वपक्ष लिहिता येतो त्याचा आवाज वादात चढत नाही, कारण समोरच्याचे म्हणणे त्याने आधीच एकदा स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले असते. अशा विद्यार्थ्याला विनय निराळा शिकवावा लागत नाही.

शिक्षकांची अडचण आम्हाला कळत नाही असे नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम, आणि प्रत्येक 'पण सर' मुद्द्याचाच असतो असेही नाही. वितंडाही वर्गात येते. तरीही वितंडा कोणती आणि वाद कोणता हे ऐकल्यावाचून ठरवता येत नाही. न्यायालयात वर्षानुवर्षे खेपा घालणारा तो पक्षकार निकाल विरुद्ध गेला तरी 'माझे ऐकले' एवढे तरी म्हणू शकतो. त्याच्या मुलाला वर्गातून बाहेर पडताना तेवढे म्हणता यावे, इतकेच आमचे म्हणणे आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी आपला मुद्दा अवश्य मांडावा. आम्ही ऐकू.